पहिलं रिव्हॉल्वर: हलकं, छोटं की चांगलं जड?

प्लेनोकर: बायकोला नेमबाजी शिकायचीय. आता ग्रीन कार्ड आलंय, म्हणून स्वतःचंच रिव्हॉल्वर घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, बाईमाणसाला स्मिथ अँड वेसनचं ६४२ बरं, चारशे ग्रॅमच्या आसपास, पर्समध्ये मावतं. मला रुगर जीपी१०० पटतंय: चार इंची नळी, सगळं स्टील, वजन किलोच्या वर. .३५७ मॅग्नम काडतुसाचं असल्यानं त्यात .३८ स्पेशल हे सौम्य काडतूसही चालतं. तुमचं मत?

रविवार_रेंज: दुकानदाराचं अजिबात ऐकू नका. हात बाईचा की पुरुषाचा, हा प्रश्नच नाही. काडतूस तेच आणि वजन निम्म्याहून कमी, म्हणजे सगळा धक्का मनगटावर. नवशिका दचकायला शिकतो आणि ती खोड जाता जात नाही. खात्री करायची तर सिलिंडरमध्ये (गोळ्यांच्या फिरत्या चाकात) मधेच एक झाडलेली, रिकामी पुंगळी घाला, कुठे ते सांगू नका. खटका दाबला की आवाज होत नाही, पण नळीचं तोंड झपकन खाली जातं. तेव्हा कळतं नेम का चुकतोय ते.

ह्यूस्टनची_मावशी: मला हे पटत नाही. जड रिव्हॉल्वर कपाटातच राहतं. ६४२ चा घोडा आत झाकलेला असतो, कपड्यात अडकत नाही. सुरुवातीला .३८ ची हलकी वॉडकटर (चपट्या टोकाची, सरावाची) काडतुसं वापरा, धक्का सोसवतो. जे जवळ बाळगायचं, त्यावरच हात बसवावा.

दहा_गोळ्या: दोघंही घाई करताय. आधी .२२, म्हणजे सगळ्यात लहान काडतुसाचं! स्मिथचं ६१७ घ्या. दहा गोळ्या, किलोभर वजन, धक्का जवळपास नाहीच. काडतुसं स्वस्त, त्यामुळे मनसोक्त सराव होतो.

रविवार_रेंज: सराव होईल, पण रेंजवरच, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावरच. डबल ॲक्शनचा (एकाच ओढीत घोडा मागे जाऊन सुटतो तो) खटका दहा-बारा पौंडांचा, तो न हलता ओढणं घरी रिकाम्या रिव्हॉल्वरवरच जमतं. बऱ्याच .२२ मध्ये रिकामा खटका ओढला की फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी सुई) चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खणाच्या, कडेवर आपटते. जीपी१०० ला ती भीती नाही. फक्त .३८ ची पुंगळी आखूड असते, चेंबरमध्ये तिच्यापुढे काजळीचं कडं धरतं. ते घासलं नाही तर .३५७ नीट बसत नाही.

आणि कोणतंही घेतलंत तरी डावा अंगठा सिलिंडरच्या पुढे जाऊ देऊ नका. सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून तापलेला वायू बाजूला फुटतो, कातडी सोलते.

दहा_गोळ्या: वाचणाऱ्या इतरांसाठी: एच-वन व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूक बाळगता येत नाही, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. मित्राचं रिव्हॉल्वर सहज हातात घेण्याआधी वकिलाला विचारा.

प्लेनोकर: सध्या फक्त शिकायचंय, जवळ बाळगायचं नाही. शनिवारी रेंजवर तिन्ही भाड्यानं मिळतात का बघतो. तिचं बोट जीपी१०० च्या खटक्यापर्यंत नीट पोचतंय का, तेही तिथेच कळेल.

ह्यूस्टनची_मावशी: बाळगायचं नसेल तर जीपी१०० घ्या, माझी हरकत नाही. पण उद्या बाळगायचं ठरलं तर छोट्यावर तिला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल. तेव्हा शनिवारी ६४२ च्या पाच गोळ्या तरी झाडू द्या तिला.