अनुभव धागा: आयुष्याच्या वळणावर तुम्ही स्वतः काय लिहिलंत?

पुस्तकातला उखाणा नको, कार्डावरच्या ओळी नकोत. लग्न, घर सोडणं, कुणी जाणं, रिटायर होणं, अशा वेळी तुम्ही स्वतः जुळवलेलं इथं टाका आणि ते कसं सुचलं तेही सांगा. यमक बसवायला गेलं की एरवी तोंडातून न निघणारं बाहेर पडतं असं मला मनापासून वाटतं. सुरुवात मी करते.

मी साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीची सून. पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे आमच्या गावात, घरटी कुणी ना कुणी फौजेत. लग्नात सगळ्या पाठ केलेले उखाणे सांगत होत्या पण ह्यांची सुट्टी संपत आलेली, मला तसलं काही बोलवेना. सासूबाई म्हणाल्या मग तुझं तू जुळव.

बर्फात त्यांची चौकी, इथं माझं आल्याचं रान,
…रावांच्या मागं मी ठेवीन घराचं भान.

अजून फोन आला की आधी आल्याचं रान कसंय विचारतात.

*

सांगलीवाडी. २०१९ च्या पुरात घर गेलं, आता मिरजेला असतो. पंचनाम्यात फ्रिज, गाद्या, धान्य सगळं लिहून दिलं, बाकीच्याला रकानाच नव्हता. आजोबा रोज अभंग म्हणायचे त्यामुळं सहा-सहा-सहा-चार अक्षरं कानात बसलेली, एका रात्री बोटं मोजत बसलो.

पाणी ओसरले
राहिली ती ओल
भिंतीहून खोल
माझ्या आत

शेवटची चार अक्षरं आली आणि रडायला आलं, तोवर डोळ्यात टिपूस नव्हता.

*

रिटायर झाल्यापासून लिहितोय, घरात दाखवलेलं नाही. दर संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला मात्र जातो, ऐकायला. वरचा अभंग वाचून वही काढलीय.

*

मी हरिपूरची. नवरा गेलेल्या बाईनं नाव घ्यायचं नाही हे आमच्याकडं ठरलेलंच. २०२२ ला शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्यानंतरच्या संक्रांतीला बचत गटातल्या पोरींनी मला हळदीकुंकवाला हाताला धरून नेलं, म्हणाल्या वहिनी नाव घ्या. ह्यांचं नाव तर रोज मनात असतंच हो, पण माझं स्वतःचं? ते फक्त रेशनकार्डावर. मग उभी राहिले आणि घेतलं.

हरिपूरच्या संगमाला कृष्णा-वारणेची भेट,
…… माझं नाव, सांगते मी थेट.

टिंबं इथं दिलीत, तिथं मोठ्यानं घेतलं. कोपऱ्यात बसलेल्या दोघी जणी आपणहून उठल्या, त्यांनीही आपापलं नाव घेतलं.

*

कराड. साखरपुड्यात मी अंगठीबरोबर हे दिलं,

अर्धा स्वयंपाक
अर्धी भांडी, धुणी
लिहून घे राणी
माझ्याकडे

तिच्या आजीनं परत वाचायला लावलं, मग कागद मागून घेऊन पर्समध्ये ठेवला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, तोवर पुढची कडवी करायचीत. तिच्या नोकरीच्या बदलीवर एक नक्की लिहिणार, कारण सामान बांधून बरोबर जाणारा मीच आहे.