चालू टेबलात बंधनकारक कॉलम: आधी रिकामा जोडावा, की डिफॉल्ट भरून मोकळं व्हावं?

सुदामानगरकर (इंदूर)

आमच्या चौघांच्या टीममध्ये दोन दिवसांपासून यावरून वाद चाललाय. सियागंजातल्या होलसेल व्यापाऱ्यांचं बिलिंग सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाईक व्यापाऱ्याचा, पत्ता डेटाबेसच्या टेबलात पहिल्यापासून एकाच लांबलचक रकान्यात आहे. पिनकोड कुणी लिहिला, कुणी नाही. आता ई-वे बिल (माल गाडीने पाठवताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) सॉफ्टवेअरमधूनच काढायचं, म्हणून पिनकोडचा वेगळा आणि बंधनकारक कॉलम हवा. 'नॉट नल' (रिकामा चालणार नाही) लावून जोडायला गेलो तर पोस्टग्रेसने, म्हणजे आमच्या डेटाबेसने, तिथेच अडवलं, कॉलममध्ये नल, म्हणजे रिकाम्या जागा, आहेत म्हणून. बरोबरच आहे. जुन्या एकोणीस हजार पार्ट्यांना तो काय देणार?

एक सहकारी म्हणतो, डिफॉल्ट, म्हणजे सगळ्या जुन्या ओळींत आपोआप बसणारा आकडा, इंदूरचा ४५२००१ टाका, बहुतेक पार्ट्या इंदूरच्याच आहेत. मला हे अजिबात मान्य नाही. ई-वे बिलात अंतर पिनकोडवरून निघतं आणि अंतरावरून मुदत ठरते, २०० किलोमीटरला एक दिवस. नागपूरच्या पार्टीला ४५२००१ चिकटला, तर जिथे तीन दिवस मिळायला हवेत तिथे एकच मिळेल आणि माल भरलेली गाडी तपासणीत अडकेल. माझं मत स्पष्ट आहे: कॉलम रिकामा जोडा, खरे पिनकोड भरा, मग नॉट नल लावा. जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्यासारखं लिहू नये.

पलासिया_बॅकएंड

दादा, तुमचा तो 'मग' कधी उजाडतो ते सांगा. मी आधी जिथे होतो तिथे पिनकोडचा कॉलम असाच 'तूर्तास रिकामा' जोडला होता. तीन वर्षांनी मी नोकरी सोडली तेव्हाही तो रिकामा चालत होता.

त्याने काय झालं ते ऐका. गोदामात रोज सकाळी दोन याद्या छापायचे. एक शहरातली, पिनकोड ४५२००१ बरोबर असलेली. दुसरी बाहेरची, ४५२००१ बरोबर नसलेली. लिहिणाऱ्याला वाटलं, दोन्ही मिळून सगळे आले. पण नल ४५२००१ बरोबर आहे का, याचं एसक्यूएलचं (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेचं) उत्तर 'माहीत नाही'. बरोबर नाही का, याचंही 'माहीत नाही'. ज्यांचा पिनकोड रिकामा, ते दोन्ही याद्यांतून गळाले. महूच्या एका दुकानदाराचा माल चार दिवस दाराशी बांधून पडला होता आणि कुठेही एरर नाही. शेवटी त्याचाच फोन आला, तेव्हा कळलं.

म्हणून मी म्हणतो, पहिल्याच दिवशी नॉट नल लावा. ४५२००१ नको, ते तुमचं पटलं. ०००००० टाका. भारतातला एकही पिनकोड शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे तो खोटा आहे हे बघताक्षणी कळतं. बाहेरच्या यादीत निदान नाव तरी येईल.

रामबागची_ताई

मी प्रोग्रामर नाही, एका डिस्ट्रिब्युटरकडे अकाउंट्स बघते. पण अशा डिफॉल्टची झळ मी सोसलेली आहे, म्हणून लिहिते.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा प्रत्येक पार्टीला राज्याचा कोड लागणार होता. सॉफ्टवेअरवाल्याने आदल्या रात्री सगळ्यांना २३ भरून दिला, मध्य प्रदेशचा. सकाळी पडद्यावर सगळं भरलेलं, छान दिसत होतं. जळगाव, धुळ्याच्या पार्ट्या २७ च्या, दाहोदच्या २४ च्या. त्यांना आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा कर) लागायला हवा होता, आणि बिलं निघाली सीजीएसटी-एसजीएसटीची (एकाच राज्यातल्या व्यवहाराची). नंतर बिलं दुरुस्त करत मी किती संध्याकाळी बसले ते माझं मला ठाऊक.

पण खरा त्रास पुढचा. २३ समोर दिसतोय, तो पार्टीने सांगितलेला की मशीनने भरलेला? ते ओळखायची काही सोयच नव्हती. रकाना रिकामा असता तर यादी काढून ओळीने फोन केले असते. आम्हाला सगळ्या पार्ट्यांना फोन करावा लागला, बरोबर असलेल्यांनासुद्धा.

बडोदेकर

ताईंचा मुद्दा लाखमोलाचा आहे. पिनकोड हा नुसता आकडा नाहीच. १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी तो आणला तेव्हापासून त्याच्या प्रत्येक भागाला अर्थ आहे: पहिला अंक विभाग, पहिले तीन मिळून टपालाची छाननी होणारा जिल्हा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. खोटा पिनकोड भरला की माणसाला खोटं गाव दिलं.

आता तांत्रिक बाजू. पोस्टग्रेस ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, ठरावीक डिफॉल्ट देऊन कॉलम जोडला तर सगळं टेबल नव्याने लिहिलं जात नाही, क्षणात होतं. हे सोपं झाल्यामुळेच लोकांचा हात डिफॉल्टकडे पटकन जातो, असं माझं निरीक्षण आहे. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर जास्त जपायला हवं. तिथे डिफॉल्ट न देता नॉट नल मजकुराचा कॉलम जोडला तरी आज्ञा मुकाट्याने चालते आणि जुन्या ओळींत कोरी स्ट्रिंग बसते. पोस्टग्रेसने तुम्हाला अडवलं हे भलंच केलं.

आणि एकोणीस हजार ओळी म्हणजे किरकोळ काम, असं समजून भरदुपारी चालवू नका. ऑल्टर टेबलला, म्हणजे टेबलाची रचना बदलणाऱ्या आज्ञेला, टेबलावर संपूर्ण लॉक (कुलूप) लागतो. एखादा मोठा रिपोर्ट त्या टेबलावर चालू असेल तर ऑल्टर त्याच्यामागे थांबतो आणि बाकीची सगळी बिलं ऑल्टरच्या मागे. टेबल लहान असलं तरी रांग लागतेच. लॉक टाइमआउट (लॉकसाठी थांबायची मुदत) दोन-तीन सेकंदांचा ठेवा, नाही जमलं तर थोड्या वेळाने पुन्हा.

पलासियावाल्यांच्या 'मग कधी' या शंकेला माझं उत्तर: कॉलम रिकामा जोडा, पण त्याच दिवशी 'पिनकोड नल नसावा' असं चेक बंधन (अट) 'नॉट व्हॅलिड' म्हणून लावा. जुन्या ओळी ते तपासत नाही, नवीन ओळ मात्र पिनकोडशिवाय आत येत नाही. भरून झालं की व्हॅलिडेट करा (जुन्या ओळीही तपासून घ्या), त्याला हलका लॉक पुरतो, बिलं चालू राहतात. त्यानंतर नॉट नल लावलंत तर पोस्टग्रेस १२ पासून पूर्ण टेबल पुन्हा चाळावं लागत नाही.

पलासिया_बॅकएंड

यातली मेख सांगतो. नॉट व्हॅलिड बंधन जुन्या ओळी तपासत नाही, पण जुनी ओळ अपडेट केली की तपासतं. सुदामानगरकर, तुमच्या पार्टीच्या टेबलात उधारीची बाकी आहे ना? मग संध्याकाळी जुना गिऱ्हाईक रोख घेऊन काउंटरवर उभा राहील, मुनीम पावती फाडेल, बाकी कमी करायला जाईल आणि डेटाबेस म्हणेल, पिनकोड द्या. पैसे जमा होणार नाहीत. मी ०००००० म्हणतो ते यासाठी.

सुदामानगरकर (इंदूर)

बाकी त्याच टेबलात आहे, हे खरंय. तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही तिथेच आपटलो असतो.

तरी ०००००० नको. तो नलच आहे, फक्त वेष बदललेला. नल म्हणजे रिकामं हे डेटाबेसला कळतं. ०००००० म्हणजे रिकामं हे आपल्या प्रत्येक रिपोर्टला वेगळं शिकवावं लागेल आणि एखादा विसरणारच. तुमच्या दोन याद्यांचा दोष नलचा नव्हता, तिसरी यादी काढली नाही याचा होता.

आज असं ठरवलंय: चेक बंधन लावायच्या आधी बाकी वेगळ्या टेबलात हलवायची, म्हणजे पावती अडणार नाही. जुन्या पत्त्यांत सहा अंकी पिनकोड सापडतील ते उचलायचे, पण ताईंसाठी शेजारी 'कुठून आला' हेही लिहायचं: पत्त्यातून की पार्टीकडून. उरलेल्यांचा पिनकोड ई-वे बिल काढताना विचारायचा.

पलासिया_बॅकएंड

'कुठून आला' हा कॉलम मान्य, तो मीही आता वापरेन. उरलेल्या मुद्द्यांवर मी ठाम आहे. ज्या पार्टीला ५०,००० च्या वरचा माल कधी जातच नाही, तिचं ई-वे बिल निघणार नाही आणि तिला पिनकोड कुणीच विचारणार नाही. अशा पार्ट्या किती, हे बंधन लावायच्या आधी मोजून इथे लिहा.