लेकीचा लेख शाळेच्या पेपरातून काढला, प्रिन्सिपॉलला असा अधिकार असतो का? (टेक्सास)

डॅलसची_आई
मंडळी, जरा अर्जंट आहे. लेक अकरावीत, पब्लिक स्कूल, जर्नलिझमचा क्लास घेतलाय आणि तोच क्लास शाळेचा पेपर काढतो. पोरं बाथरूममध्ये वेप करतात म्हणून शाळेने निम्म्याहून जास्त बाथरूमना कुलपं लावली, तर हिने त्यावर लिहिलं, मुलांशी बोलली, नर्सशी बोलली, व्हाइस प्रिन्सिपॉलची बाजूपण टाकली. त्यांच्या सरांनी ओके केलं आणि छापायच्या आदल्या दिवशी प्रिन्सिपॉलने अख्खा लेख उडवला, का तर म्हणे शाळेची इमेज खराब होते. आमचे हे म्हणतात सोड, पुढच्या वर्षी कॉलेजची ॲप्लिकेशन्स आहेत, रेकमेंडेशन त्याच शाळेतून लागणार. ती म्हणते मग लहानपणी मला टिळकांच्या शेंगांची गोष्ट कशाला सांगत होतीस 🤦‍♀️ आता काय बोलणार. इथे तर फ्री स्पीच फ्री स्पीच करतात ना सगळे?

बे_एरियातला_काका
ताई, अधिकार आहे आणि नाहीपण. आमचा मुलगा शाळेच्या पेपरात होता तेव्हा मी हे सगळं वाचून काढलंय. १९६९ ची टिंकर केस लोक सांगतात, आयोवातल्या डे मॉइन गावची पोरं व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाची काळी पट्टी दंडाला बांधून शाळेत गेली, शाळेने घरी पाठवलं, सुप्रीम कोर्ट ७-२ ने मुलांच्या बाजूने. शाळेच्या कामात खरोखर मोठा अडथळा येत असेल तरच तोंड बंद करता येतं, असं कोर्ट म्हणालं.

पण तुमची केस टिंकरची नाही हो, हेझलवुडची आहे. मिझुरीत सेंट लुइसजवळच्या हायस्कूलमध्ये १९८३ साली प्रिन्सिपॉलने शाळेच्या पेपरातली दोन पानंच काढून टाकली, त्यात प्रेग्नंट मुलींवर आणि आईबापांच्या घटस्फोटावर लेख होते. १९८८ ला निकाल ५-३, शाळेच्या बाजूने. पेपर क्लासचा भाग असेल, मुलांना त्याचे मार्क मिळत असतील तर शिक्षणाशी संबंधित रास्त कारण दाखवून शाळा लेख काढू शकते. आता खरी मेख इथेच आहे, "इमेज खराब होते" हे शिक्षणाचं कारण कसं काय? म्हणून आधी कारण लेखी मागा. तोंडी काय, कुणीही काहीही सांगतं.

आमच्या कॅलिफोर्नियात १९७७ पासून वेगळा कायदा आहे, बदनामी, अश्लील किंवा चिथावणी असं काही नसेल तर प्रिन्सिपॉलला लेखाला हात लावता येत नाही, पेपर सांभाळणाऱ्या सरांनाही संरक्षण आहे. न्यू जर्सी, इलिनॉय अशा बऱ्याच राज्यांत तसे कायदे झालेत. टेक्सासमध्ये नाही, तिथे हेझलवुडच धरून चाला.

सरळमार्गी
पेपर शाळेचा, कागद शाळेचा, शाई शाळेची. मोठ्या पेपरातपण संपादक बातमी काढतोच की, तिथे कोण कोर्टात जातं? उगाच पोरीचं डोकं भडकवू नका.

बे_एरियातला_काका
संपादक सरकार नसतो दादा, पब्लिक स्कूलचा प्रिन्सिपॉल सरकारी माणूस असतो, फरक तोच. प्रायव्हेट शाळा असती तर मी ताईंना गप्पच बसा म्हणालो असतो (कॅलिफोर्निया सोडून, इथे त्यालाही कायदा आहे).

कोल्हापूरच्या_बाई
मी ३१ वर्षं मराठी शिकवलं, तर एक कबुली देते. सातवीतल्या एका पोरीने मुलींच्या संडासाला कडी नाही यावर कविता केलेली, चांगली होती हो, मी भित्तीपत्रकावर लावली आणि दुपारी हेडसरांनी डोळे वटारले तशी मीच पिना काढून उतरवली. ती काही बोलली नाही. नुसती बघत होती. कडी पुढे दीड वर्षाने बसली.

आपल्याकडे पेपरावर अशी केस माझ्या वाचनात नाही पण केरळची बिजो इमॅन्युएल केस नक्की वाचा. तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची पण धर्मामुळे म्हणायची नाहीत, १९८५ ला शाळेने काढलं, ऑगस्ट १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत घ्यायला लावलं, आणि त्यात घटनेचं कलम १९, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य, सुद्धा लावलं. म्हणजे गप्प राहण्याचाही हक्क पोरांना आहे. बोलण्याचा मात्र अजून आमच्या स्टाफरूमपर्यंत पोचायचाय.

पेन्सिल्व्हेनियाकर
स्वतःच्या वेबसाइटवर टाकू दे की! आमच्या राज्यातली २०२१ ची केस आहे, चीअरलीडिंगच्या मुख्य टीममध्ये घेतलं नाही म्हणून एका मुलीने शनिवारी शाळेबाहेरून स्नॅपचॅटवर शिव्या घातल्या, शाळेने वर्षभर टीममधून काढलं, ती ८-१ ने जिंकली. तुमच्या लेकीने तर शिवीपण दिली नाहीये. फक्त शाळेचा लॅपटॉप, शाळेचं अकाउंट, पेपरचं नाव काही वापरू नका. आणि स्टुडंट प्रेस लॉ सेंटरला फोन करा, १९७४ पासून हेच काम करतात, मुलांना फुकट सल्ला देतात. फोन मात्र तिलाच करू दे.

डॅलसची_आई
सगळ्यांना थँक्यू. बाई, तुमची पोस्ट लेकीला वाचून दाखवली, बराच वेळ गप्प होती. काल तिनेच मेल केला, तीन ओळी, लेखी कारण द्या एवढंच, मी फक्त स्पेलिंग बघितलं. ह्यांना अजून सांगितलं नाहीये 😬 उत्तर आलं नाही पण आज सकाळी जिमजवळचं एक बाथरूम उघडलंय म्हणे.