कोकणातल्या घरात पक्षी पाळायचा आहे. आधी काय पाहावे?

प्रश्न : देवगडची गृहिणी

नमस्कार. आमचे घर देवगड तालुक्यात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. कौलारू घर, पुढे पडवी, मागे माड आणि हापूसची कलमे. मुलगी सहावीत असून तिला पक्षी पाळण्याची मनापासून इच्छा आहे. शेजारच्या वाडीतल्या एका गड्याने वठलेल्या माडाच्या ढोलीतून पोपटाचे पिल्लू काढून आणून देण्याची तयारी दाखवली आहे. दुसरीकडे, कणकवलीला दुकानात रंगीत लव्हबर्ड आणि कॉकटेल हे पक्षी मिळतात असेही समजले. घरात सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळेच काही दिवस मुंबईला जातो. आणल्यावर पस्तावण्यापेक्षा आधी विचारलेले बरे, म्हणून अनुभवी मंडळींना विचारते. कोणता पक्षी घ्यावा, आणि मुळात आमच्यासारख्या घरात तो घ्यावा का?

उत्तर : रत्नागिरीचा पक्षीनिरीक्षक

ताई, पोपटाच्या पिल्लाला आजच स्पष्ट नकार कळवा. आजी-आजोबांच्या काळी कोकणात घरोघरी पिंजऱ्यात मिठू असे, त्यामुळे यात काही गैर आहे असे अनेकांना आजही वाटत नाही. परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार आपल्याकडचे रानातले पोपट पकडणे, विकणे आणि घरात बाळगणे हा गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पहाडी मैना आणि मुनियांनाही हाच कायदा लागू आहे. बाजारात मुनियांना रंग लावून परदेशी पक्षी म्हणून विकले जाते, तेव्हा पिसांचा रंग अनैसर्गिक आणि डागाळलेला दिसला तर तेथून काहीही घेऊ नका.

कायदा बाजूला ठेवला तरी ढोलीतून काढलेल्या पिल्लाचे हाल मला पाहवत नाहीत. आईबाप त्याला चोचीतून अर्धवट पचलेले अन्न भरवत असतात. त्या जागी त्याला दूध-भात किंवा भिजवलेले बिस्कीट मिळते, आणि बरीच पिल्ले काही दिवसांतच मरतात. शिवाय पिल्लासाठी ढोली फोडली की पुढच्या वर्षी तेथे घरटे करू पाहणाऱ्या प्रत्येक पक्ष्याची जागा जाते. एखादे पिल्लू खाली पडलेले सापडले, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

दुकानातल्या पक्ष्यांचे म्हणाल, तर बजरिगर आणि कॉकटेल हे छोटे पोपट मूळचे ऑस्ट्रेलियातले, आणि खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून जे दाखवतात ते बहुधा बजरिगरच असतात. बजरिगर आणि कॉकटेल ठेवण्यास परवाना लागत नाही. मात्र आफ्रिकन ग्रे, सन कन्यूर अशा सायटीस करारात (वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात) नोंदवलेल्या पोपटांच्या जाती पाळायच्या झाल्या, तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे. कोणताही पक्षी घेतला तरी दुकानदाराकडून पावती घ्याच.

उत्तर : निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, दापोली

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सासूबाईंचा दमा. त्याचा निकाल लागल्याशिवाय पुढचे काहीच ठरवू नये. कॉकटेलच्या अंगावरून पिठासारखी बारीक भुकटी सतत झडत असते, पिंजऱ्याजवळच्या कपाटावर बोट फिरवले की ती पांढरी लागते. दमा असलेल्या माणसाच्या घरात हा पक्षी मी कधीही सुचवणार नाही. बजरिगरचा त्रास त्यामानाने कमी, पण सुकलेल्या विष्ठेची धूळ त्याच्याही पिंजऱ्यातून उडतेच, आणि काही माणसांच्या फुप्फुसांना तिच्यामुळे कायमची इजा होऊ शकते. म्हणून आधी सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारा, आणि त्यांनी नको म्हटले तर विषय तेथेच थांबवा.

याची दुसरी बाजू म्हणजे आपल्या घरातल्या हवेचा पक्ष्याला होणारा त्रास. पक्ष्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि श्वासातली हवा फुप्फुसांतून एकाच दिशेने वाहते. त्यामुळे प्राणवायू जितक्या झपाट्याने रक्तात जातो तितक्याच झपाट्याने विषारी धूरही जातो. नॉनस्टिक तवा रिकामाच तापत राहिला तर त्यातून निघणारी वाफ माणसाला जाणवतही नाही, पण शेजारच्या खोलीतला बजरिगर काही मिनिटांत मरू शकतो. चुलीचा धूर, डासांची कॉइल, उदबत्ती, धूप, सुगंधी फवारे हे सगळे पक्ष्यापासून दूर हवे. गणपतीत देवघर आणि माजघर धुपाने भरते, फटाके वाजतात, मुले पिंजऱ्याभोवती गोळा होतात; तेवढे दिवस पक्ष्याला आतल्या, हवेशीर आणि शांत खोलीत ठेवण्याची सोय आहे का, हे पाहून ठेवा.

पडवीत पिंजरा टांगू नये. बिनविषारी असली तरी धामण पिंजऱ्याच्या गजांतून आत शिरते, पक्षी गिळते आणि पोट फुगल्यामुळे तिलाही बाहेर पडता येत नाही. मांजर आणि उंदीर वेगळेच. घरात पक्षी मोकळा सोडण्यापूर्वी छताचा पंखा बंद करण्याची सवय मुलीसह सर्वांना लावावी लागेल.

आजारपणाविषयी एवढेच सांगतो की पक्षी दुखणे लपवतो. पिसे फुगवून बसणे, श्वासागणिक शेपटी खालीवर होणे, दांडी सोडून पिंजऱ्याच्या तळाशी बसणे ही लक्षणे दिसतात तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांत मुख्यतः गुरे, शेळ्या आणि कोंबड्यांवर उपचार होतात, आणि पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा अनुभव असलेला डॉक्टर गाठायचा तर अनेकदा कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईच गाठावी लागते. मुंबईत परळला बैलघोडा या नावाने ओळखले जाणारे प्राण्यांचे मोठे रुग्णालय आहे. जवळचा कोणता डॉक्टर पक्षी तपासतो, याची फोनवर चौकशी पक्षी आणण्याआधीच करा.

उत्तर : मालवणची पक्षीपालक

माझ्याकडे अनेक वर्षे बजरिगर आहेत, त्यामुळे रोजच्या व्यवहाराचे सांगते. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि चार महिने घरातली कोणतीही वस्तू कोरडी राहत नाही. पक्ष्याचे राळे आणि बाजरी आगोटीला पोत्याने भरून ठेवू नयेत. थोडे थोडे आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, आणि मूठभर धान्य हातात घेऊन वास घ्यावा. कोंदट वास आला किंवा दाणे एकमेकांना चिकटले, तर ते सगळे टाकून द्यावे, कारण बुरशी आधी पक्ष्याच्या श्वासमार्गावर आणि यकृतावर जाते. भुईमुगाचे दाणे तर पावसाळ्यात देऊच नयेत.

नुसत्या धान्यावर पक्षी जगतो, पण निरोगी राहत नाही. त्याला अ जीवनसत्त्व कमी पडते आणि चरबी वाढते. शेवग्याचा पाला, कोथिंबीर, किसलेले गाजर आपल्या परसात सहज मिळते. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा, लसूण आणि खारवलेले पदार्थ कधीही देऊ नयेत. कॅल्शियमसाठी दुकानात मिळतो तो समुद्रफेस म्हणजे माकुलाच्या जातीतल्या प्राण्याच्या अंगातले पांढरे कवच, आणि ते आपल्या किनाऱ्यावर वाहून येते. स्वच्छ, न फुटलेले कवच गोड्या पाण्यात रोज पाणी बदलत काही दिवस भिजवावे, कडक उन्हात वाळवावे आणि मऊ बाजू पक्ष्याकडे करून पिंजऱ्याला बांधावे.

पिंजरा उंच असण्यापेक्षा लांब असावा, कारण पक्षी आडवे उडतात. बजरिगरसाठी दोन गजांमधले अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको. खाऱ्या हवेत स्वस्त जाळीचा जस्ताचा लेप लवकर सुटतो आणि ते कण चोचीवाटे पोटात गेले तर विषबाधा होते. स्टेनलेस स्टीलचा पिंजरा महाग पडतो, तरी किनाऱ्यावर मी दुसरा सुचवत नाही. सगळ्या दांड्या एकाच जाडीच्या गुळगुळीत असल्या की पायांना जखमा होतात. पेरूच्या वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या धुऊन, वाळवून लावाव्यात.

वादळाचाही विचार करा. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड आणि उत्तर रत्नागिरीत असंख्य घरांची छपरे उडाली. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आपल्या किनाऱ्यावरून गेले. उचलून नेता येईल असा लहान पिंजरा आणि आठवड्याचे कोरडे धान्य तयार असावे. आणि दिवाळीत तुम्ही मुंबईला गेलात तर रोज पाणी बदलणारे, पक्ष्याकडे डोळसपणे पाहणारे माणूस लागेल. वाटीभर धान्य ठेवून कुलूप लावता येत नाही. बजरिगर पाच ते दहा वर्षे जगतो, कॉकटेल पंधरा-वीस. मुलगी शिक्षणासाठी बाहेर पडेल तेव्हा हे काम तुमच्याकडेच येईल.

देवगडची गृहिणी

सर्वांचे मनापासून आभार. पिल्लासाठी नकार कळवला आहे, आणि ढोलीला हात लावू नये असेही यजमानांनी त्या गड्याला समजावून सांगितले. सासूबाईंना पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे नेणार आहोत. त्यांनी हरकत घेतली नाही तरच बजरिगरचा विचार करू. मग एक घ्यावा की जोडी, आणि कोणत्या महिन्यात?

मालवणची पक्षीपालक

थव्यात राहणारा पक्षी आहे, एकटा ठेवू नये. दोन नर चांगले एकत्र राहतात. प्रौढ नराच्या नाकपुड्यांभोवतीची त्वचा सामान्यतः निळी आणि मादीची तपकिरी असते, पण पिवळ्या आणि पांढऱ्या पक्ष्यांत व पिल्लांत हा फरक भरवशाचा नाही. नर-मादी आलीच तर पिंजऱ्यात घरट्यासाठी मडके बांधू नका. मडके दिसले की मादी अंड्यांवर अंडी घालते, आणि अंडे अडकून ती दगावण्याची भीती असते.

भर पावसात नवा पक्षी आणू नये. तुम्ही दिवाळीला बाहेर जाता, तेव्हा परत आल्यावर, शिमग्याच्या आत आणावा. दुकानात सकाळी जा. नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसे स्वच्छ आणि पक्षी दांडीवर सावध असेल तरच घ्या. त्याच पिंजऱ्यात एकही पक्षी पिसे फुगवून पेंगत असेल तर त्या दिवशी रिकाम्या हाताने परत या. घरी आल्यावर दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून वहीत लिहा. प्रौढ बजरिगर साधारण तीस ते चाळीस ग्रॅमचा असतो, त्यामुळे तीन-चार ग्रॅमची घटसुद्धा डॉक्टरांना फोन करण्याइतकी मोठी आहे.