गुजरातच्या खेड्यांतलं मत खरंच फिरलं का? फॉर्म 20 नेमका कसा वाचायचा?

पारावरचा_पाहुणा:

मंडळी, गुजरातबद्दल एक वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं: ग्रामीण मतदार 2017 ला काँग्रेसकडे गेला आणि 2022 ला भाजपकडे परतला. नुसत्या जागा बघितल्या तर ते पटतं. भाजप 2012 ला 115, 2017 ला 99, 2022 ला 156. सौराष्ट्र-कच्छच्या 54 जागांत 35, मग 23, मग 46. अमरेली जिल्ह्याच्या पाचही जागा 2017 ला काँग्रेसच्या आणि 2022 ला पाचही भाजपच्या.

आता मतांची टक्केवारी बघा. भाजप 47.85, मग 49.05, मग 52.5. म्हणजे ज्या निवडणुकीत त्यांच्या 16 जागा घटल्या, त्याच निवडणुकीत मतं वाढली. मग फिरलं कोण?

दुसरी अडचण कामातली आहे. 2017 आणि 2022 चे फॉर्म 20 (बूथनिहाय निकालाचे सरकारी तक्ते) बूथ क्रमांकावर जुळवले की काही बूथवर 50-60 टक्क्यांची उलथापालथ दिसते. एका गावात असं होऊ शकतं, पण सलग वीस बूथवर कसं होईल? यात नेमकं काय चुकतं? जाणकारांनी सांगावं.

---

बेरीज_वजाबाकी:

टक्केवारी बाजूला ठेवा, आधी मतं मोजा. काँग्रेसला 2017 ला सुमारे 1 कोटी 24 लाख मतं होती, 2022 ला ती 87 लाखांवर आली. आपची मतं 2017 ला दखल घेण्याजोगी नव्हती, 2022 ला 41 लाख झाली. भाजप 1 कोटी 47 लाखांवरून 1 कोटी 67 लाखांवर गेला. काँग्रेस आणि आप मिळून 2022 ला 40.2 टक्के होतात, आणि 2017 ला एकट्या काँग्रेसला 41.44 टक्के होते. 156 जागांचा मोठा भाग या मतविभागणीचा आहे. पण सगळा श्रेय-अपश्रेयाचा हिशेब तिच्यावर ढकलू नका. भाजपची वाढलेली 20 लाख मतंही खरी आहेत.

2017 चं कोडं सोपं आहे. शहरात भाजपचे उमेदवार प्रचंड लीडने निवडून आले. सुरत जिल्ह्यात 16 पैकी 15 जागा त्यांच्या होत्या. खेड्यात मात्र थोडक्यात पडले. शहरातल्या जास्तीच्या मतांनी टक्केवारी फुगते, जागा वाढत नाहीत.

एकच मतदारसंघ जवळून बघायचा असेल तर जुनागढ जिल्ह्यातलं विसावदर घ्या. गिरच्या कडेचा, भुईमुगाचा, लेउवा पाटीदारांचा पट्टा. माजी मुख्यमंत्री केशुभाई पटेल 1995 आणि 1998 ला इथूनच निवडून आले, आणि 2012 ला भाजप सोडून स्वतःच्या पक्षातर्फेही इथूनच जिंकले. 2017 ला काँग्रेसचे हर्षद रिबडिया 81,882, भाजपचे किरीट पटेल 58,781. निवडणुकीच्या तोंडावर रिबडिया भाजपमध्ये गेले. 2022 ला भाजपच्या तिकिटावर त्यांना 59,147 मतं मिळाली आणि आपचे भूपत भायाणी 66,210 मतांनी जिंकले. डिसेंबर 2023 मध्ये भायाणींनी राजीनामा दिला. जून 2025 च्या पोटनिवडणुकीत आपचे गोपाल इटालिया 75,942, भाजपचे किरीट पटेल 58,388, काँग्रेस 5,501.

भाजपची तीन वेळची मतं ओळीने वाचा: 58,781, 59,147, 58,388. विरोधातला आमदारच फोडून आणला, तरी 366च मतं वाढली. फिरलं ते विरोधी मत, आणि तेही काँग्रेसकडून आपकडे. भाजपला ही जागा 2007 नंतर मिळालेली नाही. गेला तो माणूस, मतं जिथल्या तिथे.

---

यादी_भाग_क्रमांक:

तांत्रिक भाग माझ्याकडे. उलथापालथ दिसते कारण तुम्ही दोन वेगळी गावं एकमेकांना जोडताय. बूथ क्रमांक हा कायमचा पत्ता नसतो. एका केंद्रावर साधारण 1500 पेक्षा जास्त मतदार झाले की त्याचे दोन भाग होतात आणि पुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. 2025 मध्ये निवडणूक आयोगाने ही मर्यादा 1200 वर आणली, त्यामुळे यापुढे घोळ वाढणारच. राज्यात 2017 ला 50 हजारांच्या आसपास केंद्रं होती, 2022 ला 51 हजारांच्या वर गेली. मतदारसंघातल्या तिसाव्या बूथला फाटा फुटला की एकतिसाव्यापासून शेवटपर्यंत सगळं चुकीचं जुळतं. तुमचे सलग वीस बूथ याच जातीचे.

उपाय असा. फॉर्म 20 मध्ये फक्त क्रमांक असतो, गावाचं नाव नसतं. म्हणून त्या-त्या वर्षाची मतदान केंद्रांची यादी वेगळी उतरवून घ्या. तिच्यात गाव, शाळेचं नाव, खोली क्रमांक असतो. दोन्ही वर्षांच्या यादीत प्रत्येक बूथपुढे गावाचं नाव लिहा आणि एका गावाचे सगळे बूथ एकत्र बेरजेत घ्या. तुलना गावाची करा, बूथची नको. गावात 300 पेक्षा कमी मतं पडली असतील तर ते शेजारच्या गावात मिळवा, नाहीतर दोन कुटुंबं लग्नाला गेली तरी टक्केवारी हलते.

मग रकाने. उमेदवारांचा क्रम दर निवडणुकीला बदलतो. आधी मान्यताप्राप्त पक्षांचे, मग नुसत्या नोंदणीकृत पक्षांचे, मग अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावाच्या वर्णानुक्रमाने. 2017 ला दुसरा रकाना भाजपचा असेल तर 2022 ला तो काँग्रेसचा असू शकतो. पानाच्या डोक्यावरची नावं वाचल्याशिवाय एकही आकडा उचलू नका. बऱ्याच पीडीएफ म्हणजे कागदाचे फोटो आहेत, त्यामुळे संगणकाने वाचलेले 3 आणि 8 हमखास बदलतात. प्रत्येक ओळीत उमेदवारांची बेरीज आणि एकूण वैध मतं यांचा मेळ घाला. न जुळणारी ओळ डोळ्यांनी तपासा. टपाली मतं बूथच्या ओळीत नसतात, शेवटी वेगळी येतात. गावाच्या हिशेबात ती धरूच नका.

आणि भाजक बदला. वैध मतांवर टक्केवारी काढली की घरी बसलेला माणूस दिसतच नाही. समजा गावात 1000 मतदार आहेत. 2017 ला 700 जणांनी मत दिलं, भाजपला 315, म्हणजे 45 टक्के. 2022 ला 620 जणांनी दिलं, भाजपला 310, म्हणजे 50 टक्के. पाच टक्के "वाढ" झाली आणि मतं पाच कमी! राज्यात 2017 ला मतदान 68 टक्क्यांच्या वर होतं, 2022 ला 64 च्या आसपास. म्हणून नोंदणीकृत मतदारांवर टक्केवारी काढा आणि "आला नाही" हा एक वेगळा पक्षच समजा.

जिल्हावार तुलना करणार असाल तर आणखी एक खड्डा. मतदारसंघांच्या सीमा 2008 च्या पुनर्रचनेनंतर त्याच आहेत, पण जिल्हे बदललेत. ऑगस्ट 2013 मध्ये मोरबी, गीर सोमनाथ, बोटाद, देवभूमी द्वारका, अरवल्ली, महिसागर, छोटा उदेपूर हे सात नवे जिल्हे झाले. 2012 चा "जुनागढ" आणि 2017 चा "जुनागढ" हे एक नाहीत.

---

कपाशी_ते_कांडी:

वरची आकडेमोड उत्तम आहे, पण शेतमालाच्या भावाशिवाय हे चित्र अर्धंच राहतं. महाराष्ट्रातून बघताना एक गोष्ट आधी लक्षात घ्या: गुजरातच्या यार्डात, म्हणजे बाजार समितीत, भाव 20 किलोला बोलतात. क्विंटलशी ताडायचा तर पाचने गुणा.

2017-18 चा भुईमुगाचा हमीभाव क्विंटलला 4450, म्हणजे 20 किलोला 890. लांब धाग्याच्या कापसाचा 4320, म्हणजे 864. भुईमुगाचं पीक भरघोस आलं आणि बाजार हमीभावाच्या खाली गेला. मतदान डिसेंबरच्या 9 आणि 14 तारखेला, म्हणजे माल यार्डात पडलेला असतानाच. त्याआधीच्या वर्षी नोटाबंदीत जिल्हा सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई झाली होती. शेतकऱ्याचं खातं नेमकं तिथेच. त्यात पाटीदारांचं आरक्षणासाठीचं आंदोलन. मोरबीच्या तिन्ही आणि गीर सोमनाथच्या चारही जागा काँग्रेसला गेल्या त्या या सगळ्याच्या बेरजेतून.

2022 ला हमीभाव भुईमुगाला 5850, लांब धाग्याच्या कापसाला 6380, आणि कापूस बाजारात हमीभावाच्या बराच वर विकला जात होता. मधल्या काळात पीएम किसानचे वर्षाला 6000, कोरोनापासूनचं मोफत धान्य, ऑक्टोबर 2020 पासून दिवसा वीज देणारी किसान सूर्योदय योजना, नर्मदेचं पाणी सौराष्ट्रातल्या धरणांत सोडणारी सौनी. 2019 मध्ये आर्थिक निकषावरचं 10 टक्के आरक्षण आलं आणि आंदोलनाची धार गेली. जून 2022 मध्ये खुद्द आंदोलनाचे नेते हार्दिक पटेल भाजपमध्ये दाखल झाले. त्याआधी सप्टेंबर 2021 मध्ये पक्षाने मुख्यमंत्र्यांसकट सगळं मंत्रिमंडळ बदललं होतं. राग धरायचा तर समोर चेहराच नवा.

फेब्रुवारी 2021 च्या पंचायत निवडणुकांतच याचा अंदाज आला होता. 2015 ला बहुतेक जिल्हा पंचायती काँग्रेसने घेतल्या होत्या, 2021 ला 31 च्या 31 भाजपकडे गेल्या. विधानसभेचा वारा गुजरातेत आधी पंचायतीत वाहतो. ते आकडे सोडून थेट 2017 वरून 2022 वर उडी मारली की मधला सगळा प्रवास हातातून निसटतो.

---

उकाईच्या_अलीकडे:

बेरीज_वजाबाकी यांच्या विसावदरबद्दल एक शंका. बेरीज तीच राहिली म्हणजे माणसं तीच राहिली असं होत नाही. रिबडियांनी आपले काही हजार आणले असतील आणि भाजपचे तितकेच निष्ठावंत "आयात उमेदवार नको" म्हणून आपकडे गेले असतील, तरी बेरीज 59 हजारच येईल. गावनिहाय आकडे बघितल्याशिवाय ते सांगता येत नाही. बघितल्यावरही फक्त शक्यता कळते, कारण मत गुप्त असतं.

पुढारी गेला की मतं जातात का, याची दोन टोकं आहेत. सौराष्ट्रातल्या जसदणचे आमदार कुंवरजी बावळिया 2018 मध्ये काँग्रेसमधून भाजपमध्ये आले, डिसेंबरची पोटनिवडणूक जिंकले, 2022 लाही जिंकले. कोळी समाजाचा गठ्ठा त्यांच्यामागे गेला. तिथल्याच माणावदरचे आमदार जवाहर चावडा 2019 मध्ये तसेच आले, पोटनिवडणूक जिंकले आणि 2022 ला काँग्रेसच्या अरविंद लाडाणींकडून हरले. पुढे 2024 मध्ये लाडाणीही भाजपमध्ये! सत्ताधारी पक्षात असताना झालेल्या पोटनिवडणुकीवरून निष्ठा मोजू नका, तिथे कामं अडण्याची भीतीही मत देते.

आणि "ग्रामीण" म्हणजे फक्त सौराष्ट्र नव्हे. आदिवासी राखीव 27 जागांत 2017 ला काँग्रेस 15, भाजप 9. 2022 ला भाजप 23, काँग्रेस 3, आप 1. घसरण इथे जास्त खोल आहे. तरी वांसदा काँग्रेसच्या अनंत पटेलांनी राखलं. पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात ते पुढे होते, आणि मे 2022 मध्ये राज्य सरकारला तो प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर करावं लागलं. ही पार नदी आपल्या नाशिक जिल्ह्यातून उतरते, सुरगाणा-पेठकडच्या वाचकांना हा विषय नवा नाही.

---

पारावरचा_पाहुणा:

सगळ्यांचे आभार. गावनिहाय जोडणी सुरू करतो. लोकसभा 2024 चा बूथनिहाय फॉर्मही यात धरावा का? विधानसभेच्या भागांप्रमाणेच मिळतो म्हणून विचारतोय.

---

यादी_भाग_क्रमांक:

धरा, पण वेगळ्या रकान्यात. सुरतेत 2024 ला भाजपचा उमेदवार बिनविरोध निवडून आला, तिथे मतदानच झालं नाही, त्यामुळे तो फॉर्म शोधत बसू नका. त्याखाली येणाऱ्या ओलपाडसारख्या ग्रामीण भागांचं 2024 चं घर कोरंच राहील. नवसारी लोकसभा "दक्षिण गुजरातचा ग्रामीण भाग" म्हणून घेऊ नका. तिच्यात लिंबायत, उधना, मजुरा आहेत, म्हणजे निम्मी सुरत, आणि त्यात खानदेशातून गेलेली आपली माणसं भरपूर. हवी तर गणदेवी आणि जलालपोर एवढेच भाग उचला.

बनासकांठा अवश्य घ्या. 2024 ला राज्यात काँग्रेसने जिंकलेली एकमेव जागा. गेनीबेन ठाकोर 30,406 मतांनी आल्या. त्यांनी सोडलेल्या वावची पोटनिवडणूक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झाली, तिथे भाजपचे स्वरूपजी ठाकोर 2,442 मतांनी जिंकले. भाजपचे बंडखोर मावजी पटेल यांनी 27 हजारांच्या आसपास मतं घेऊनही. सहा महिन्यांत मत फिरलं असं लिहायच्या आधी हे बघा: मे महिन्यात ठाकोर समाजाची उमेदवार काँग्रेसकडे होती, नोव्हेंबरमध्ये भाजपकडे. वावची गावं ठाकोरबहुल, चौधरी-पटेलबहुल आणि मिश्र अशी तीन ढिगांत लावा आणि दोन्ही निवडणुकांचे आकडे ढिगाप्रमाणे बेरजेत घ्या. जातीचा रकाना सरकारी कागदात नसतो, तो स्थानिक माणसाकडून भरून घ्यावा लागेल. एकाकडून नको, दोन वेगळ्या गटांतल्या दोघांकडून, आणि जिथे त्यांचं जुळत नाही ती गावं "मिश्र"मध्ये टाका.