अर्जंट मदत हवी: बहिणीला फिजिक्समध्ये 35 पैकी 11, रिचेकिंग कुठं करतात?

जांबोटीचा_पाऊस:
नमस्कार. बहिणीचा टेस्टचा निकाल लागला. फिजिक्स 35 पैकी 11, केमिस्ट्री 14, मॅथ्स 19. हीच पोरगी मार्चमध्ये शाळेत पहिली आलेली, 538 मार्क्स, आणि आता 11?? मला तर पेपर तपासण्यातच घोळ वाटतोय. काल रात्रीपासून जेवलेली नाही, आई फोनवर रडायला लागली, मी इकडं कंपनीत सेकंड शिफ्टला अडकलोय, रजा मागितली तर सुपरवायझर डोळे वटारतोय. रिचेकिंगचा अर्ज कुठं द्यायचा आणि फी किती एवढंच सांगा. अभ्यासाचं एखादं चांगलं ॲप असलं तर तेपण. लवकर सांगा प्लीज.

रिकामा_बाकडा:
कितवीला आहे? कुठलं बोर्ड? 538 किती पैकी? माणसं धागा काढतात आणि निम्मी माहिती खिशात ठेवतात.

निपाणीकर_तात्या:
अजिबात काळजी करू नका. एसएसएलसीला, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या दहावीला, 2024 पासून एकापेक्षा जास्त संधी आहेत, ज्यात जास्त मार्क्स तेच धरतात. आधी उत्तरपत्रिकेची स्कॅन कॉपी मागवायची, ती बघून मग रिव्हॅल्युएशनला टाकायचं, थेट टाकता येत नाही. माझ्या पुतण्यानं असंच केलं आणि सोशलला मार्क्स वाढले.

जांबोटीचा_पाऊस:
तात्या एसएसएलसी झाली ओ तिची. 625 पैकी 538 म्हटलं ते एसएसएलसीचंच. आता टेस्ट म्हणजे कॉलेजची.

चंदगडी_काजू:
म्हणजे अकरावी. मग कशाला टेन्शन, आमच्याकडं अकरावीत फारसं कोण नापास होत नाही 😄 दहावीला तर बेस्ट ऑफ फाईव्ह पण असतंय. तुम्ही लोक तिकडं उगीच त्रास काढताय, चंदगड नाहीतर कोल्हापूरला ॲडमिशन घ्या.

शहापूरची_अक्का:
काजू, तुम्ही बॉर्डरच्या पलीकडं बसून सल्ला देताय. ऑगस्टमध्ये कोण देणार ॲडमिशन? आणि पोरीनं रोज कोल्हापूरला कसं जायचं?
जांबोटीचा_पाऊस, बाळा, आधी तिला जेवायला सांग. आज फोनवर मार्क्सचा विषय काढू नको. आईला पण सांग, रडायचं असेल तर परड्यात जाऊन रड, तिच्यासमोर नको. पोरी आईचा चेहरा वाचत असतात, प्रश्नपत्रिकेपेक्षा बारकाईनं. आणि कॉलेजच्या टेस्टला रिचेकिंग-बिचेकिंग काही नसतंय, पेपर पोरांच्या हातातच देतात. तिच्याकडं असणार. बघितलास काय तू?

जांबोटीचा_पाऊस:
नाही बघितला अजून. ती दाखवत नाही. फर्स्ट पीयू सायन्स, म्हणजे अकरावीच, बेळगावात. रोज जांबोटीहून येऊन-जाऊन करते.

पहाटे_चार:
एकच उपाय. पहाटे चारला उठणे. मी स्वतः सेकंड पीयूला चारला उठून, थंड पाण्यानं आंघोळ करून, पाच भिजवलेले बदाम खाऊन बसायचो. मेंदू त्यावेळी ताजा असतो. मोबाईल काढून घ्या. ॲप कशाला?

सीबीटी_प्लॅटफॉर्म:
अहो पहाटे चार, तिला पावणेसातची गाडी पकडायची आहे, तीपण जांबोटीच्या पावसात. चारला उठली तर झोपणार कधी? आणि तुम्ही सकाळची गाडी बघितलीय का हल्ली? जून 2023 मध्ये शक्ती योजना आली तेव्हापासून बायकांना फ्री, चांगलंच झालं, माझी आईपण फिरते आता, पण सकाळी कॉलेजच्या पोरांना दारात पाय ठेवायला जागा नसते. गाड्या वाढवा म्हणून निवेदन दिलं की 'बघू' म्हणतात.

पहाटे_चार:
शक्तीचा इथं काय संबंध? इच्छा असली की माणूस बसमध्ये उभ्यानं पण वाचतो.

सीबीटी_प्लॅटफॉर्म:
एका हातात दांडी, दुसऱ्यात छत्री. पुस्तक दातात धरायचं काय?

बॅकबेंचर_येळ्ळूर:
मुद्द्यावर या. एकच प्रश्न: दहावी कुठल्या मीडियममधून?

जांबोटीचा_पाऊस:
मराठी. गावातलीच शाळा. का?

बॅकबेंचर_येळ्ळूर:
हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं ना मित्रा 🤦 मी पण मराठी मीडियम. फर्स्ट पीयूत पहिल्या महिन्यात सर 'रेसिप्रोकल' म्हणाले की मी शेजारच्याच्या वहीत डोकवायचो. गुणाकार व्यस्त म्हटलं असतं तर झोपेत सांगितला असता. 'लेट एक्स बी' म्हणजे 'समजा क्ष' एवढंच, हे कळायला मला गणपती आले. पहिल्या टेस्टला माझेपण असेच दिवाळे निघाले होते. पेपर तपासण्यात घोळ नाहीये. पेपरचे फोटो मागव, नाव झाकून इथं टाक.

कर्नाटक_एक्स्प्रेस:
म्हणूनच म्हणतो पहिलीपासून इंग्लिश मीडियमला घाला. मराठी शाळेत घालून पोरांचं वाटोळं करायचं आणि मग धागे काढायचे.

रिकामा_बाकडा:
झालं सुरू. पुढच्या प्रतिसादात सीमाप्रश्न येणार, बघा.

निपाणीकर_तात्या:
येणारच! मराठी शाळा टिकल्या म्हणून भाषा टिकली इथं. 538 मार्क्स मराठी शाळेनंच दिलेत तिला.

शहापूरची_अक्का:
तात्या, एक्स्प्रेस, तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, मी चहा पाठवते. पोरगी उपाशी आहे इथं.

जांबोटीचा_पाऊस:
जेवली. आईनं पोळे करून दिले. पेपरचे फोटो पाठवले तिनं, रागानंच. फोटो टाकायला येईना म्हणून लिहून सांगतो. दुसराच प्रश्न एक मार्काचा, 'स्टेट न्यूटन्स फर्स्ट लॉ ऑफ मोशन'. तिनं पानभर लिहिलंय, बस अचानक थांबली की कंडक्टर पुढं जातो, विश्रांतीचं जडत्व, गतीचं जडत्व, सगळं मोडक्या इंग्लिशमध्ये, मध्ये कंसात मराठी. मार्क शून्य. शेवटची दोन पानं कोरी. विचारलं तर म्हणे वेळ संपली.

पाटी_पेन्सिल:
पंचवीस वर्षं पीयूला फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त. तुमच्या बहिणीला विचारा, 'स्टेट'चा अर्थ तिनं काय घेतला.

जांबोटीचा_पाऊस:
विचारलं. म्हणाली 'अवस्था'. विश्रांतीची अवस्था, गतीची अवस्था.

पाटी_पेन्सिल:
बघा. तिला पहिला नियम येतो, आणि त्या नियमात 'स्टेट ऑफ रेस्ट' हे शब्द आहेत, तिनं ते पाठ केलेत, म्हणून तिला वाटलं की अवस्थांचं वर्णन मागितलंय. फिजिक्स कच्चं नाही तिचं. प्रश्नातलं क्रियापद कच्चं आहे. एका मार्काला पान भरलं आणि पाच मार्कांच्या प्रश्नाला वेळ उरला नाही.
एक वही करा. फक्त प्रश्नातले शब्द. स्टेट म्हणजे नियम जसाच्या तसा, दोन ओळी, उदाहरण नको. डिफाइन व्याख्या. मेन्शन म्हणजे नुसती नावं, वाक्य सुद्धा नको. डिस्टिंग्विश आलं की आधी दोन रकाने आखायचे आणि मग लिहायचं, पोरं परिच्छेद लिहितात आणि निम्मा मार्क जातो. डिराइव्ह, डिड्यूस, ऑब्टेन, तिन्हींचा अर्थ सूत्र पायरीपायरीनं काढा. केमिस्ट्रीत 'अकाउंट फॉर' येतं, त्याचा अर्थ कारण द्या. एका मुलानं त्याखाली बेरीज करून दाखवली होती, ती उत्तरपत्रिका अजून आठवते.
मग जुन्या प्रश्नपत्रिका घ्या आणि एकपण उत्तर न लिहिता नुसता प्रश्न वाचून मराठीत सांगायचा: काय मागितलंय, किती मार्क, किती ओळी. रोज वीस मिनिटं. बोर्डाला थिअरी 70 ची असते, पार्ट ए एक मार्काचा, बी दोन, सी तीन, डी पाच. मार्कावरनं ओळी ठरतात हे एकदा बोटांना कळलं की कोरी पानं राहत नाहीत.

बॅकबेंचर_येळ्ळूर:
+१ सर. आणि एक फुकटातला उपाय. नववी-दहावीची सायन्स, मॅथ्सची इंग्लिश मीडियमची पुस्तकं सरकारच्या पाठ्यपुस्तक साईटवर फ्री मिळतात. मराठीत तिनं शिकलं तेच धडे आहेत. 'बल आणि गतीचे नियम' तिला पाठ असणार, तोच धडा इंग्लिशमध्ये वाचला की डिक्शनरी लागत नाही. मी दिवाळीच्या सुट्टीत असंच केलं, मिडटर्ममध्ये बुडालो होतो, वार्षिकला फर्स्ट क्लास.

पहाटे_चार:
ते करा पण पहाटे करा.

चंदगडी_काजू:
फर्स्ट पीयूचे मार्क्स सीईटीला धरतात का? धरत नसतील तर एवढं कशाला?

पाटी_पेन्सिल:
मार्क्स धरत नाहीत. इंजिनिअरिंगच्या रँकला निम्मे सेकंड पीयूचे, निम्मे सीईटीचे. पण सीईटीत फर्स्ट पीयूचा सिलॅबस असतो, म्हणून हे वर्ष सोडून चालत नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही हे एक बरं, पण एका विषयाला 60 प्रश्न आणि 80 मिनिटं, वाचायला अडखळली तर तिथंच वेळ जाणार.

जांबोटीचा_पाऊस:
सगळ्यांना थँक्यू. रिचेकिंगचं सोडलं. काल शिफ्ट संपल्यावर फोनवर बसलो, तिनं बावीस शब्द काढले, त्यातले सहा मलापण माहीत नव्हते, मी आयटीआय केलेला माणूस. 'जस्टिफाय' म्हणजे काय विचारलं तर मी म्हटलं न्याय दे, ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. गुरुवारी बायोची टेस्ट आहे. सर, बायोला वेगळे शब्द येतात का?

पाटी_पेन्सिल:
येतात. 'लेबल' म्हणजे आकृतीला नावं द्या, 'स्केच' म्हणजे काढा. दोन्ही एकत्र आलं तर दोन्ही करायचं. पेन्सिल टोकदार ठेवायला सांगा.

नवीन_सभासद:
रिचेकिंगचा फॉर्म कुठं मिळतो म्हणालात? माझ्या मुलाचं आठवीचं आहे. अर्जंट.