अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतरचे प्रश्न

बालगृहातील मुलांना आयटीआयचे प्रशिक्षण दिले की ती आपोआप स्वतःच्या पायांवर उभी राहतात, हे मत मला अपुरे वाटते. आमच्या बीड जिल्ह्यातील ज्या मुलांशी माझा संबंध आला, त्यांना काम मिळते. अडते ते इतरत्र. लातूरला किंवा छत्रपती संभाजीनगरला खोली घ्यायला गेले की मालक अनामत रक्कम मागतो, घरी कोण असते असे विचारतो, आणि दिवाळीत मेस बंद झाल्यावर जायचे कुठे, हा आपल्या मुलांना कधीच न पडणारा प्रश्न यांच्यापुढे उभा राहतो.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमातील कलम ४६ नुसार अठराव्या वर्षी संस्था सोडणाऱ्यांना अर्थसाहाय्य देता येते, नियमांप्रमाणे अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय २१ व्या आणि अपवादात्मक परिस्थितीत २३ व्या वर्षापर्यंत मिळू शकते, शिवाय राज्यात अनाथांसाठी १ टक्का आरक्षण आहे. मात्र अनाथ प्रमाणपत्र, आधार आणि बँक खाते ही तयारी मूल संस्थेत असतानाच, सोळाव्या-सतराव्या वर्षी व्हायला हवी. पुढे एकट्याने कार्यालयाचे खेटे घालण्यात उमेदीचे वर्ष निघून जाते, हे मी जवळून पाहिले आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील ज्या मुलांचे आईवडील हयात आहेत, पण आधार देऊ शकत नाहीत, त्यांना हे आरक्षणही लागू होत नाही. अशा मुलांसाठी गावातील एखाद्या विश्वासू कुटुंबाने, संस्थेच्या संमतीने, निदान खोलीमालकाकडे जामीन राहण्याची आणि सणाला घरी बोलावण्याची जबाबदारी घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.